पुढे काय झाले, हे विचारायचे नाही : प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्याची चिकित्सा

दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळात, आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मी बारावीच्या काही मुलामुलींकडून इंग्रजी उताऱ्यांचा सराव करून घेत होतो. केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेला, म्हणजे सीयूईटीला, ती बसणार होती. एका संध्याकाळच्या उताऱ्यात एक म्हातारा नावाडी पुराच्या रात्री नदीकाठी उभा होता आणि पलीकडून त्याला कोणीतरी हाक मारत होते. तीनशे शब्दांनंतर उतारा तुटला. खाली प्रश्न होते. एका मुलीने सगळे प्रश्न सोडवले आणि विचारले, “सर, पुढं काय झालं? गेला का तो पलीकडं?” मी घड्याळ बघत म्हणालो, “ते परीक्षेत विचारत नाहीत. पुढचा उतारा घे.”

तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाने हे उत्तर द्यावे, याची लाज मला नंतर वाटली. पण त्या क्षणी माझे उत्तर चुकीचे नव्हते. परीक्षेच्या दृष्टीने ते अगदी योग्य होते. ते योग्य कसे ठरले, हा या लेखाचा विषय आहे.

उतारा म्हणजे काय?

मराठीत ‘उतारा’ हा शब्द अनेक कामे करतो. विषावर उतारा असतो, दृष्ट काढून टाकलेला उतारा असतो आणि सातबाराचाही उतारा असतो. परीक्षेतल्या उताऱ्याशी जवळचे नाते या शेवटच्या अर्थाचे. मात्र एक फरक आहे. सातबाराचा उतारा हा मूळ नोंदवहीतून उतरवून घेतलेला असतो आणि शंका आली तर मुळाशी ताडून पाहता येतो. सराव संचातल्या इंग्रजी उताऱ्याला बहुधा मूळच दाखवलेले नसते. लेखकाचे नाव नाही, पुस्तक नाही, साल नाही, अनेकदा शीर्षकही नाही. हे लिखाण कोणी, कोणासाठी, कोणाशी वाद घालत लिहिले, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. समीक्षक एखाद्या मजकुराकडे वळताना जे पहिले प्रश्न विचारतो, ते सगळे येथे आधीच खोडलेले असतात.

म्हणून हा उतारा मी स्वतंत्र लेखनप्रकार मानतो. त्याला सुरुवात नसते, शेवट नसतो. त्याचे खरे शरीर म्हणजे खालचे प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाचे चार पर्याय. उतारा प्रश्नांसाठी असतो, प्रश्न उताऱ्यासाठी नसतात.

या प्रकाराला शंभराहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास मुलांच्या मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असावे, ते खूण करून दाखवता यावे आणि तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव राहू नये, हा तिचा हेतू होता. हेतू चांगलाच होता, कारण एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली तर गुण वेगळे पडत. पुढे १९१७ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मुलांच्या वाचनातल्या चुका तपासून दाखवले की परिच्छेद वाचणे हे विचार करण्यासारखेच काम आहे. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला योग्य तेवढेच वजन द्यावे लागते. एका शब्दाला नको तितके वजन दिले की सगळा अर्थ कलंडतो. म्हणजे आकलनाच्या चाचणीच्या बाल्यावस्थेतच दोन वाटा दिसत होत्या. एक वाट मोजणीच्या सोयीची, दुसरी विचाराच्या तपासणीची. परीक्षा मोठ्या होत गेल्या तशी पहिली वाट रुंदावली.

घड्याळ आणि गुणांचा हिशेब

सीयूईटी २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्याआधीची व्यवस्था आदर्श नव्हती, हे विसरता कामा नये. दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांवर प्रवेश होत आणि २०२१ मध्ये काही महाविद्यालयांची पहिली यादी शंभर टक्क्यांवर थांबली. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका तराजूत घालणे अन्यायाचे होते. त्या मानाने सर्वांना एकच परीक्षा, तीही यंत्राने तपासलेली, हा सुधार होता. भाषेची चाचणी मराठीसह तेरा भाषांत देता येते, हेही चांगले. पण इंग्रजी ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमाला इंग्रजीचीच चाचणी लागते, आणि तिथे कमाल साडेतीनशे शब्दांपर्यंतचे माहितीपर, कथनपर आणि साहित्यिक असे तीन तऱ्हांचे उतारे येतात. विधी विद्यापीठांच्या क्लॅटमध्ये २०२० पासून जवळजवळ सगळी प्रश्नपत्रिकाच उताऱ्यांवर बेतलेली आहे. तिथला इंग्रजी उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा असतो.

आता वेळ पाहा. २०२५ च्या सीयूईटीत पन्नास प्रश्नांना साठ मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद, उतारा वाचण्याचा वेळ धरून. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न. आपल्याकडे नारदीय कीर्तनात बुवा एक अभंग घेतात आणि पूर्वरंगभर त्याचे निरूपण करतात. श्रोत्याला त्यातले काही आधीच ठाऊक असते, तरी तो बसतो. एका वचनाला तास देणारी आणि एका प्रश्नाला मिनिट देणारी, या वाचनाच्या दोन टोकांच्या कल्पना आहेत. परीक्षेने कीर्तन करावे असे कोणी म्हणणार नाही. पण परीक्षेच्या सरावालाच मुले वाचन समजू लागली, तर प्रश्न उभा राहतो.

गुणांचा हिशेब तर अधिक बोलका आहे. सीयूईटीत बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकीला एक जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे अर्धा गुण पदरी पडतो. एक पर्याय खोडता आला तर एक गुण, दोन खोडता आले तर दोन. म्हणजे उतारा न समजताही, फक्त पर्याय खोडण्याची कला साधली तरी फायदा आहे. क्लासवाले ही कला शिकवतात, आणि मीही शिकवत होतो. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय आधी खोडा. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय संशयित समजा. जगात खरा पण उताऱ्यात नसलेला पर्याय टाळा. सौम्य, जरा लांबट, सावध वाक्य असेल तर तिथे थांबा. यातली एकही सूचना उताऱ्याच्या आशयाबद्दल नाही, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

उताऱ्याशिवाय आकलन

ही केवळ माझी शंका नाही. स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील सॅट परीक्षेचे वाचनाचे प्रश्न उतारे काढून टाकून विद्यार्थ्यांना दिले. पाच पर्यायांमुळे नुसत्या अंदाजाने वीस टक्के उत्तरे बरोबर यायला हवीत. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त आली. प्रश्न आणि पर्याय यांच्या घडणीतच उत्तराचा सुगावा होता. हा अभ्यास वाचल्यावर मीही एकदा उतारा झाकून फक्त प्रश्न दिले. मुले हसली, आणि मग भराभर उत्तरे देऊ लागली. जी मुले क्लासला जात होती ती सर्वांत पुढे होती. नावाड्याबद्दल विचारणारी मुलगी मात्र पेन खाली ठेवून म्हणाली, “न वाचता कसं सांगायचं?”

प्रश्नकर्त्याचे उत्तर किती डळमळीत असू शकते, याचीही उदाहरणे आहेत. २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवीच्या मुलांना ससा आणि अननस यांच्या शर्यतीची एक विनोदी गोष्ट दिली गेली. शेवटी प्राणी अननस खाऊन टाकतात. त्यांनी तो का खाल्ला आणि सर्वांत शहाणे कोण, असे प्रश्न होते. गोष्ट डॅनियल पिंकवॉटर यांच्या पुस्तकातून बदलून घेतलेली होती. मूळ गोष्टीत अननस नव्हे, वांगे होते. या निरर्थक गमतीत शोधण्यासारखे काही नाही, अशीच लेखकाची भूमिका होती. बोभाटा झाल्यावर ते प्रश्न गुणांतून वगळावे लागले. २०१७ मध्ये कवयित्री सेरा हॉलब्रुक यांनी लिहिले की टेक्सासच्या चाचणीतले आपल्याच कवितांवरचे प्रश्न आपल्याला सोडवता येत नाहीत. कवीने कडवी अशी का पाडली, याचे ‘बरोबर’ उत्तर कवीला विचारलेलेच नव्हते.

कोणी म्हणेल, कविता आणि विनोद सोडा, वैचारिक गद्य तरी एकार्थी असते. दक्षिण कोरियाच्या सुनुंग परीक्षेत असेच गद्य असते. तिथे इंग्रजीच्या पंचेचाळीस प्रश्नांना सत्तर मिनिटे असतात आणि श्रवणाचे प्रश्न चालू असताना विमानांचे उड्डाणही थांबवतात. नोव्हेंबर २०२२ च्या परीक्षेत कॅस सनस्टीन यांच्या पुस्तकातला एक उतारा आला. तोच उतारा एका खासगी शिकवणीच्या सराव प्रश्नसंचात आधी येऊन गेल्याचे उघड झाले आणि मोठे वादळ उठले. अपठित म्हणून दिलेला उतारा काहींचा पठित होता. ज्याच्याकडे जास्त संच, त्याच्यासाठी अपठित कमी.

अपठित, पण अपरिचित कोणाला?

मुद्द्याचे मूळ इथे आहे. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. बेसबॉल माहीत असलेली पण वाचनात कच्ची समजली गेलेली मुले, बेसबॉल न कळणाऱ्या पक्क्या वाचकांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटच्या बातमीचे असेच होईल. ‘गलीत झेल’ हे कळायला भाषेइतकेच मैदान माहीत असावे लागते.

मग इंग्रजी उताऱ्यांत मैदान कोणाचे असते? सराव संचांतून मला वारंवार भेटलेले विषय असे : संग्रहालयातली चित्रे, महानगरातील एकटेपणा, स्टार्टअप, कृत्रिम बुद्धिमत्ता, युरोपातील ज्ञानोदय. ऊसतोडीची उचल, विहिरीचे पाणी, आठवडी बाजारातला भाव यांवर इंग्रजी उतारा माझ्या पाहण्यात आला नाही. तो आला असता तर शहरातल्या मुलाला अडखळावे लागले असते, आणि त्या अडखळण्याला कोणी इंग्रजीचा कच्चेपणा म्हटले नसते. आमच्या मुलांच्या अडखळण्याला मात्र लगेच तसे म्हटले जाते. शब्द अडतो त्याहून जास्त वेळा जग अडते, आणि उताऱ्याला मागचा-पुढचा संदर्भ नसल्यामुळे ते जग ओळखून घ्यायची संधीही मिळत नाही.

यावर उपाय म्हणून आणखी उतारे सोडवा असे सांगितले जाते. दोनशे उतारे सोडवले तर वेग वाढतो, हे खरे. पण दोनशे तुटलेल्या तुकड्यांतून एकही जग पुरते उभे राहत नाही. तेवढ्याच शब्दांत एक मध्यम आकाराची कादंबरी वाचून होते. तिच्यात तेच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटतात आणि शब्दकोश न उघडता ओळखीचे होतात.

सराव कसा असावा?

परीक्षेवर बहिष्कार घाला, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात पदवीधर आहेत त्याला ते परवडते. आमच्या मुलांना त्या दारातून आत जायचे आहे. म्हणून मी सरावाची पद्धत बदलली, ती अशी.

पहिले, उतारा वाचून झाल्यावर प्रश्नांकडे न बघता त्याचे म्हणणे एका मराठी वाक्यात लिहायचे. मराठीत अशासाठी, की इंग्रजीत लिहिताना मुले उताऱ्यातलेच शब्द परत फेकतात आणि न कळलेले झाकले जाते. दुसरे, निवडलेल्या पर्यायासमोर त्याचा आधार असलेल्या ओळीचा क्रमांक लिहायचा. आधार नसेल तर उत्तर बरोबर असले तरी आमच्या वहीत गुण नाही. तिसरे, उत्तरतालिकेशी मतभेद असेल तर तो तीन ओळींत मांडायचा. काही वेळा मुलेच बरोबर निघाली. चौथे, आठवड्यातून एक दिवस उतारा नाही. त्या दिवशी एक पूर्ण इंग्रजी लेख किंवा कथा, लेखकाच्या नावासकट, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. पर्याय खोडण्याची कला शेवटच्या महिन्यात शिकवायची आणि ती वाचन नाही, हे सांगून शिकवायची.

याने गुण किती वाढले, याचा दावा मला करायचा नाही. तेवढी मुले माझ्याकडे नव्हती. मात्र मूळ पुस्तक कुठले, हा प्रश्न आता वर्गात रोज विचारला जातो.

त्या नावाड्याचे मूळ मी बरेच शोधले. संचात नाव नव्हते. उतारा कदाचित परीक्षेसाठीच रचलेला असेल आणि त्याला पुढे काही नसेलही. मुलीला मी हे प्रामाणिकपणे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मग मीच लिहू का सर पुढचं?” तिने इंग्रजीत दीड पान लिहून आणले. क्रियापदांच्या चुका होत्या. नावाडी मात्र होडी सोडण्याआधी दोराची गाठ दोनदा तपासतो, असे तिने लिहिले होते. मूळ उताऱ्याच्या दुसऱ्याच वाक्यात दोर झिजल्याचा उल्लेख होता. त्यावर एकही प्रश्न विचारलेला नव्हता, आणि माझ्या तो लक्षातही राहिला नव्हता.