‘हुतात्मा’ की ‘रक्तसाक्षी’? : गोन्सालो गार्सियाविषयीच्या मराठी लेखनातील एक शब्द

मानकोलीच्या कडेने वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. त्या वसईत, पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेल्या गोन्सालो गार्सियास ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर देहदंड झाला. १८६२ मध्ये रोमने त्यास संतपद दिले. त्याच्याविषयी मराठीत लिहिताना ‘हुतात्मा’ आणि ‘रक्तसाक्षी’ हे शब्द समानार्थी म्हणून योजले जातात. ते तसे नाहीत.

ग्रीक ‘मार्तिस’ म्हणजे साक्षीदार; अरबी ‘शहीद’चाही मूलार्थ तोच. ‘रक्तसाक्षी’ हा ख्रिस्ती मराठीतील शब्द तो अर्थ शाबूत ठेवतो. ‘हुतात्मा’त यज्ञाची कल्पना आहे. सावरकरांच्या नावे सांगितला जाणारा हा शब्द संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने घरोघरी पोचविला. त्याचे तेज निर्विवाद आहे. परंतु आहुती म्हटली की दृष्टी अखेरच्या क्षणावर खिळते आणि आयुष्य मागे पडते.

गोन्सालोचे तर आयुष्यच पाहण्यासारखे. जेझुइटांबरोबर तो तरुणपणी जपानात गेला, तेथील भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. (धर्मगुरू तो कधीच नव्हता.) १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचा वकील म्हणून हिदेयोशीकडे गेला, तेव्हा त्याचा दुभाषा होता हा वसईकर.

साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. मिशनऱ्यांच्या हद्दपारीचा १५८७ चा हुकूम कायम असता वकिलातीच्या नात्याने आलेल्या फ्रान्सिस्कनांनी क्योटोत उघडपणे चर्च उभारले. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले, त्यावरील माल जप्त झाला, आणि मिशनरी हे स्पेनच्या राजाचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला. दोष कोणाचा, यावर दोन्ही संघ पुढे दीर्घकाळ भांडत राहिले. हे मरण निव्वळ धर्मासाठी, की राजकारणाच्याही कचाट्यातले? ‘हुतात्मा’ म्हटल्यावर हा प्रश्न विचारणेच अशिष्ट ठरते. ‘रक्तसाक्षी’ म्हणणाऱ्यास तो टाळता येत नाही.

त्या २६ जणांपैकी २० जपानी होते. आपल्या लेखनात ते ‘सहकारी’ एवढ्या एका शब्दात आटोपतात. पाउलो मिकी या जपानी जेझुइटाने क्रुसावरूनच जमलेल्या लोकांपुढे प्रवचन केले. ते समजणारा मराठी मुलखातील एक मनुष्य तेथेच क्रुसावर होता. गोन्सालोचे नवे मराठी चरित्र कोणी लिहावयास घेतल्यास त्याने आरंभ येथून करावा.