आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बदलावा का?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीचा टीआय-८४ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर २००४ साली बाजारात आला. त्याच घराण्यातला, रंगीत पडद्याचा आणि सडसडीत अंगाचा टीआय-८४ प्लस सीई २०१५ साली आला. पहिला हाताशी असताना व तो नीट चालत असताना दुसरा घ्यावा काय, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. नव्याची किंमत अमेरिकेतच शंभर डॉलरहून अधिक आहे. एका वर्गासाठी तीस नग घ्यावयाचे झाल्यास शाळेला किती पैसे मोजावे लागतील, याचा हिशेब वाचकांनी तोंडीच करावा.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या विज्ञान विषयांच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबल वापरण्यास परवानगी आणि कॅल्क्युलेटरला मनाई असते. त्यामुळे आमच्या अनेक वाचकांनी असे यंत्र हाताळले नसेल. मुंबई-पुण्यातील आयबी अभ्यासक्रमाच्या शाळांत मात्र ते दप्तरातली नेहमीची वस्तू आहे, आणि परदेशी असलेल्या मामा-काकांकडून आलेली अशी यंत्रे इतर घरांतही सापडतात. शिवाय पुढे जे सांगावयाचे आहे, ते मोबाइलवर आलेख काढणाऱ्यांनाही लागू पडते.

आधी आकडे पाहू. जुन्या पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके आहेत, तेही केवळ काळे. नव्यावर ३२० गुणिले २४० रंगीत ठिपके आहेत आणि मागून प्रकाशही आहे. जुन्याचा प्रोसेसर १५ मेगाहर्ट्झचा झेड-८० आहे. त्याची मूळ रचना १९७६ सालची! नव्यात त्याचाच वंशज ईझेड-८० हा ४८ मेगाहर्ट्झने चालतो. वापरणाऱ्याला मिळणारी स्मृती सुमारे २४ किलोबाइटवरून सुमारे १५४ किलोबाइटवर गेली आहे. जाहिरातीत हे सारे ठळकपणे येते. जे येत नाही ते असे की, दोन्ही यंत्रे संख्या १४ अंकांपर्यंतच साठवतात आणि त्यांतले १० अंक दाखवतात. म्हणजे डोळ्यांसमोरची पाटी नवी आहे, पण गणित करणाऱ्याची अचूकता पूर्वीइतकीच आहे.

पाटी मोठी झाल्याने काय साधते? हे तपासण्यास एक सोपा प्रयोग आहे. कोन रेडियनमध्ये ठेवा. क्ष-अक्षाची मर्यादा उणे २ पाय ते अधिक २ पाय घ्या, आणि जुन्या यंत्रावर य = साइन (४८ क्ष) हा आलेख काढा. पडद्यावर दोनच लाटांची एक सुबक वक्ररेषा उमटेल. ती साइन क्ष ची आहे! आता ४८ च्या जागी ४७ घाला. वक्र नाहीसा होऊन क्ष-अक्षावर आडवी रेषा पडेल.

यंत्र बिघडलेले नाही. जुन्या पडद्यावर आलेखासाठी ९५ उभे स्तंभ वापरले जातात, म्हणजे त्यांच्यामध्ये ९४ अंतरे असतात. यंत्र दर स्तंभासाठी फलाची एकच किंमत काढते आणि ते बिंदू जोडून मोकळे होते. ४ पाय या लांबीचे ९४ भाग केले की एक भाग २ पाय भागिले ४७ एवढा होतो. एका स्तंभावरून पुढच्यावर जाताना ४७ क्ष ची किंमत बरोबर २ पायने, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याने वाढते. पूर्ण फेऱ्याने साइनमध्ये काहीच फरक पडत नाही. म्हणून साइन (४७ क्ष) प्रत्येक स्तंभावर शून्य, आणि साइन (४८ क्ष) प्रत्येक स्तंभावर नेमका साइन क्ष एवढा. खऱ्या वक्राला या पट्ट्यात ९६ लाटा आहेत, आणि आपण त्याला पाहतो आहोत केवळ ९५ ठिकाणी. चित्रपटात धावत्या टांग्याच्या चाकाचे आरे उलटे फिरताना दिसतात त्यामागे हेच कारण आहे. एका लाटेमागे दोनाहून अधिक बिंदू मिळाले नाहीत, तर लाटेची ओळख पटत नाही.

हाच आलेख नव्या यंत्रावर काढला तर फसवणूक होत नाही. तेथे आलेखाला २६५ स्तंभ मिळतात, लाटेमागे पावणेतीनच्या आसपास बिंदू पडतात आणि पडद्यावर नुसती गर्दी दिसते. निदान काहीतरी दाट आहे एवढे तरी कळते. येथे नव्याची सरशी झाली असे वाटेल. पण आता त्याच मर्यादांत साइन (१३३ क्ष) काढा. २६४ अंतरांत ४ पाय, म्हणजे एक अंतर पाय भागिले ६६. १३२ क्ष दर पावली एक फेरा पुरा करतो, आणि पुन्हा तीच दोन लाटांची सुबक वक्ररेषा! फसण्याची सीमा ४७ वरून १३२ वर सरकली, एवढेच काय ते घडले. हा आकडेमोडीचा भाग फळ्यावर करून दाखवण्यास कोणतेच यंत्र लागत नाही, आणि त्रिकोणमितीतील आवर्तन शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रँकलिन डेमाना आणि बर्ट वेट्स हे शाळांत अशी यंत्रे यावीत म्हणून झटणारे गणिताचे प्राध्यापक. एकच आलेख पाहून निष्कर्ष काढू नये, असा इशारा त्यांनीच १९८८ साली दिला होता. तेव्हा टीआय-८१ देखील यायचा होता.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक खटकते. विकलजाची किंमत काढण्याची सोय दोन्ही यंत्रांत आहे. आतली रीत अशी : दिलेल्या बिंदूच्या ०.००१ पुढची आणि तेवढीच मागची अशा फलाच्या दोन किमती घ्यायच्या, त्यांच्या वजाबाकीला ०.००२ ने भागायचे. सरळ वक्रांसाठी ही रीत उत्तम आहे. पण य = |क्ष| या फलाचे शून्यापाशी विकलज विचारा. उत्तर येते शून्य. बारावीचा विद्यार्थी सांगेल की तेथे टोक आहे, विकलज अस्तित्वातच नाही. य = १ भागिले क्ष याचे शून्यापाशी विकलज विचारा. जेथे फलच नाही, तेथे यंत्र बिनदिक्कत दहा लाख असे उत्तर देते! हजारातून उणे हजार वजा करा, ०.००२ ने भागा. दहा लाख कोठून आले ते कळेल.

ही दोन्ही उत्तरे जुन्यावर येतात, तशीच नव्यावरही येतात. फरक मांडणीत आहे. जुन्या यंत्राच्या मूळच्या पद्धतीत एक आखूड आज्ञा, कंस आणि स्वल्पविराम टंकावे लागत. ही काहीतरी यांत्रिक खटपट आहे हे विद्यार्थ्याला दिसत असे. नव्यावर पाठ्यपुस्तकातल्यासारखे विकलजाचे चिन्ह, अपूर्णांकाची आडवी रेघ, उभ्या रेघांतले केवल मूल्य, सारे छापल्यासारखे उमटते, आणि समोर ते चुकीचे शून्य. छापील अक्षरावर आपला विश्वास पटकन बसतो. अंदाजी उत्तराला नेमक्या उत्तराचे कपडे चढवले, की शंका घेण्याची सवय मोडते. (२०१० पासून जुन्या यंत्रातही नवी प्रणाली भरून ही मांडणी आणता येते; तेव्हा केवळ तिच्यासाठी पैसे खर्चण्याचे कारण नाहीच.)

आता नव्याच्या जमेच्या बाजू. दोन-तीन वक्र एकाच पडद्यावर असता कोणता कोणाचा हे रंगांमुळे लगेच कळते. जुन्यावर हे काम खरोखर कटकटीचे आहे. क्षीण दृष्टीच्या विद्यार्थ्याला प्रकाशित पडद्याचा मोठा आधार होतो. त्याच्यापुरता आमचा कौल नि:शंकपणे नव्याच्या बाजूने आहे. टॅन क्ष च्या आलेखात जुने यंत्र दोन तुकडे जोडणारी एक खोटी उभी रेघ ओढत असे, ती नवे यंत्र टाळू शकते. ही रेघ कोठून आली, या प्रश्नावर एक तास छान रंगतो, हे मात्र खरे! जुन्याला पेन्सिल सेल लागतात, नवा विजेवर चार्ज होतो. वर्गातले तीस नग चार्ज करून ठेवण्याची जबाबदारी अर्थातच शिक्षकांवर येते.

काही गोष्टी गेल्याही आहेत. जुन्या यंत्राला जोडणीसाठी एक गोल खाच होती. तिच्यातून तापमान, अंतर इत्यादी मोजणारी उपकरणे जोडून भौतिकशास्त्राचे प्रयोग करता येत. सीईवर ती खाच नाही, फक्त यूएसबी आहे. प्रयोगशाळेत जुन्या जोडणीची साधने असतील, तर यंत्रासोबत तीही बाद होतील. तसेच या यंत्रांवर थेट यंत्रभाषेत प्रोग्रॅम लिहिण्याची वाट २०२० साली कंपनीने नव्या प्रणालीतून बंद केली. परीक्षेतील गैरप्रकार रोखण्याचे कारण त्यामागे होते. पण संगणक आतून कसा चालतो हे खिशातल्या यंत्रावर शिकणाऱ्या धडपड्या मुलांचे त्यात नुकसान झाले. २०२१ साली आलेल्या आवृत्तीत पायथन भाषा आहे, आणि तीसाठी आत एक वेगळा छोटा प्रोसेसर बसवला आहे. पायथन शिकावयाची असेल, तर शाळेतला कोणताही जुना संगणक त्याहून सोयीचा.

राहता राहिली परीक्षा. अशी यंत्रे खपतात ती मुख्यत: परीक्षेमुळे. अमेरिकेत एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेला १९९५ पासून आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागू लागला, आणि या व्यवसायाला बळ आले. परंतु २०२३-२४ मध्ये सॅट परीक्षा संगणकावर गेली, तेव्हा डेस्मॉस हा आलेख काढणारा प्रोग्रॅम परीक्षेच्या पडद्यावरच मिळू लागला. हाच डेस्मॉस एरवी कोणालाही फुकट वापरता येतो. सॅटसाठी म्हणून नवे यंत्र विकत घेणे आम्हांस अनाठायी वाटते. आयबीची गोष्ट वेगळी. तेथे ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ या गणिताच्या अभ्यासक्रमात सर्व प्रश्नपत्रिकांना असे यंत्र लागते, ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’मध्ये पहिली प्रश्नपत्रिका त्याशिवाय सोडवावी लागते. कोणती यंत्रे चालतील हे ते मंडळ ठरवते. तेव्हा पालकांनी दुकानात जाण्यापूर्वी शाळेत विचारावे.

ज्याच्यापाशी काहीच नाही आणि ज्याला आयबीसाठी यंत्र घेणे भागच आहे, त्याने परवानगीच्या यादीत असेल तर सीई घ्यावा. ज्याच्यापाशी चालता टीआय-८४ प्लस आहे आणि तो परीक्षेत चालतो, त्याने तो बदलू नये. शाळेने तीस नग बदलण्याचा विचार करण्यापूर्वी वर उल्लेखिलेले चार प्रश्न, म्हणजे साइनचे दोन आणि विकलजाचे दोन, आहे त्या यंत्रांवर मुलांना घालून पाहावेत. एखादा सीई कोणाकडून तासाभरासाठी मागून आणता आला तर उत्तमच. दोन्ही पडदे शेजारी ठेवून ४८ आणि १३३ चे खेळ करता येतील.