राखलेला कागद, मळलेला बर्फ

जलरंगात बर्फ रंगवायचा म्हटलं की पहिल्याच दिवशी एक धडा मिळतो: बर्फ रंगवायचा नाही, कागद राखायचा. छपरावर बर्फ हवा, तर छपराला ब्रश लावायचाच नाही. मागचं आकाश करड्या वॉशने भरून घ्या, छप्पर आपोआप पांढरं होतं. हा धडा खराच आहे आणि आपल्याकडे तो मुरलेलाही आहे. सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा धरलेल्या मुलीचं चित्र आठवा (अजूनही कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात!). त्या बोटांमधून झिरपणारा उजेड जलरंगातलाच आहे.

अडचण पुढे येते. उजेड राखता येतो, पण गावातला बर्फ म्हणजे नुसता उजेड नव्हे. त्यावरून माणसं चालतात, गाड्या जातात, धुराड्यांची काजळी बसते. दुपारपर्यंत त्याचा राडा होतो. आणि आपण काय रंगवतो? जांभळट सावल्या, पिवळ्या खिडक्या, ओल्या वॉशवर मीठ टाकून उमटवलेले कण, टूथब्रशने उडवलेला पांढरा रंग. आम्हीही हे पुष्कळ केलंय, उगाच सोवळेपणा नको. पण अशा चित्राखालचं गावाचं नाव बदललं तरी चित्राला काही फरक पडत नाही. आमची तक्रार तिथे आहे.

म्हणून आज चार्ल्स बर्चफिल्ड. जन्म १८९३, ओहायोतल्या सेलम या छोट्या गावात वाढला, १९२१ मध्ये बफलोला आला आणि कित्येक वर्षं वॉलपेपरच्या कंपनीत नक्षी काढत होता. जलरंग हेच त्याचं मुख्य माध्यम. ब्रुकलिन म्युझियममध्ये त्याचं १९२० चं 'फेब्रुवारी थॉ' आहे. थॉ म्हणजे बर्फ वितळण्याचे दिवस. विषय तसा नकोसाच. बर्फ धड टिकलेला नाही, धड गेलेलाही नाही, रस्ता ओला, घरं थकलेली. इथे पांढरा रस्त्यापर्यंत पोचता पोचता मातकट होतो, आणि ओल्या रस्त्यात आकाश दिसू लागतं. आपण पावसाळ्यातले रस्ते रंगवतो तेव्हा हेच करतो ना? खालचा रंग वरच्या रंगाला ओढून घेतो. फरक एवढाच, की पावसात पांढरं राखावं लागत नाही. इथे ते राखायचं आणि मग आपल्याच हाताने मळवायचं. राखलेला कागद मळवायला धीर लागतो. आम्हाला विचाराल तर वर्गात सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट हीच. स्वच्छ चित्राला शाबासकी मिळते, म्हणून पोरं स्वच्छच ठेवतात.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधलं 'आइस ग्लेअर', १९३३ चं, याच्या उलट टोकाचं. तिथे ऊन गोठलेल्या रस्त्यावर पडून डोळ्यांत घुसतं. पण तो लखलखाट सुंदर वाटावा म्हणून केलेला नाही. तो त्रास देतो, कारण आजूबाजूची घरं त्याने मुद्दाम गडद ठेवली आहेत. पांढऱ्याची धार शेजारच्या काळपटाने ठरते. सावलीत नुसता निळा भरून ती येत नाही.

आता शुद्धतावाद्यांचा एक आक्षेप असतो, तो गैरलागू नाही. अपारदर्शक रंग वापरला की जलरंग संपला, असं ते म्हणतात. बर्चफिल्डच्या १९१८ च्या 'द नाइट विंड'मध्ये जलरंगाबरोबर गुआश आहे, पेन्सिल आहे. घरावर चाल करून येणारा रात्रीचा वारा त्याला हवा होता आणि त्यासाठी त्याने जे हाताला आलं ते घेतलं. आम्ही हा आक्षेप त्या चित्रापुरता मानत नाही. पण मीठ आणि टूथब्रशवाल्या चित्रांपुरता पूर्ण मानतो, कारण तिथे पांढरा रंग शेवटी, चित्र फसलंय हे झाकायला येतो.

पुढच्या वेळी येताना आपापलं एक बर्फाचं चित्र आणा. स्वच्छ असलं तरी चालेल, इथे मळवू.