नोंदणी वाढली म्हणजे मागणी वाढली?

समजा, 2020च्या अखेरीस मुंबईत घरांची मागणी वाढली असं तुम्ही प्रबंधात लिहिताय आणि पुरावा म्हणून दस्तनोंदणीचे आकडे देताय. जरा थांबा. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये तिथलं मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं होतं. जानेवारी ते मार्च 2021 मध्ये ते 3 टक्के होतं. म्हणजे 1 कोटीच्या फ्लॅटवर डिसेंबरपर्यंत 3 लाख वाचत होते. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांनीही तेव्हाच व्यवहार उरकले असतील. ही नवी मागणी, की पुढची मागणी अलीकडे ओढलेली? नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी अडचण तारखेची. सह्या झाल्यावर दस्त नोंदवायला कायद्याने 4 महिने मिळतात. डिसेंबरचा सौदा मार्चच्या आकड्यात दिसू शकतो.

‘मग अहिल्यानगरशी तुलना करू’ म्हणाल, तर सवलत राज्यभर होती. आपला जिल्हा इथे तुलनागट होत नाही.

मग करायचं काय? शक्य तिथे सह्यांची तारीख धरा. सवलतीनंतरचे महिनेही आलेखात घ्या. फक्त एप्रिल 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट होती, हे विसरू नका.