शोधपोस्टर : मजकूर, विधान आणि पुरावा – एक चिकित्सा

सारांश : चर्चासत्रांमधील पोस्टर सादरीकरण आज सर्व विद्याशाखांत रूढ झाले आहे. त्याविषयीचे मार्गदर्शन मात्र बहुतांशी रंग, आकार व सजावट यांपुरते मर्यादित राहते. पोस्टरचा खरा प्रश्न सजावटीचा नसून संशोधकाने नेमके विधान केले आहे की नाही आणि त्या विधानाचा पुरावा पाहणाऱ्यासमोर ठेवला आहे की नाही, हा आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रस्तावना

एकेकाळी विज्ञान शाखेची मिरासदारी असलेला पोस्टर हा प्रकार आता भाषा, इतिहास, वाणिज्य, समाजशास्त्र या विषयांतही स्थिरावला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांचा स्वतंत्र गट असून तेथेही विद्यार्थ्यांना पोस्टर मांडावे लागते. अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत संशोधन म्हणून जनांसमोर ठेवलेली ही पहिलीच कृती असते. त्यामुळे पोस्टर कसे असावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी संशोधन म्हणजे काय, याविषयीची विद्यार्थ्याची पहिली समजूत त्यातून घडते.

संवादासाठी जन्मलेला प्रकार

आंतरराष्ट्रीय परिषदेतील पोस्टर सत्राचा आरंभ सामान्यतः १९६९ साली माद्रिद येथे भरलेल्या युरोपीय जीवरसायन संस्थांच्या महासंघाच्या परिषदेपासून मानला जातो. अमेरिकेत १९७४ साली मिनिआपोलिस येथील जीवरसायन व जीवभौतिकी अभ्यासकांच्या परिषदेनंतर ही पद्धत पसरली. निबंधांची संख्या वाढली आणि व्याख्यानासाठी वेळ अपुरा पडू लागला, ही त्यामागील व्यावहारिक अडचण होती. परंतु या अडचणीतून एक नवी शक्यता निर्माण झाली. व्याख्यानात एक बोलतो आणि अनेक ऐकतात, तर पोस्टरपाशी दोघे समोरासमोर उभे राहतात. शंका तेथल्या तेथे विचारता येते आणि उत्तर देताना बोट पुराव्यावर ठेवता येते. म्हणजे पोस्टर हे संभाषणाचे निमित्त आहे, छापील निबंधाचा भिंतीवरील अवतार नव्हे.

भित्तिपत्रकाचा वारसा

मराठी विभागांच्या पोस्टरांत मजकुराची दाटी का होते, याचे एक कारण आपल्या महाविद्यालयीन परंपरेत सापडते. भित्तिपत्रक ही या परंपरेतील जुनी व मोलाची गोष्ट आहे. सुवाच्य अक्षरांत लिहिलेले लेख, कविता, कडेची नक्षी असे त्याचे रूप असते. ते अनेक दिवस फलकावर राहते, विद्यार्थी तासाच्या मधल्या वेळेत येऊन सावकाश वाचतात आणि लेखकाने जवळ उभे राहण्याची गरज नसते. शोधपोस्टरची परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. सत्र थोड्या वेळाचे, शेजारी अनेक पोस्टरे, वाचणारा उभा आणि लेखक समोर. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा असतो. एवढी जागा पाहून प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, निष्कर्ष, संदर्भ असे सर्व शीर्षकांचे परिच्छेद निबंधातून उचलून तेथे बसवण्याचा मोह होतो. परिणामी वाचणारा शीर्षक पाहतो, छायाचित्रे पाहतो आणि पुढे जातो.

या दोषाची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही. परीक्षक शीर्षके मोजून गुण देणार असतील, तर विद्यार्थी शीर्षकेच भरणार.

२०१९ चा आराखडा : गुण व मर्यादा

मजकुराच्या या दाटीवर २०१९ साली माइक मॉरिसन या मिशिगन स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्राच्या संशोधक-विद्यार्थ्याने एक उपाय सुचवला. त्याच्या चित्रफितीची जगभर चर्चा झाली. या आराखड्यात पोस्टरच्या मध्यभागी मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, ठळक अक्षरांत येतो. डाव्या अरुंद पट्टीत अभ्यासाचा गोषवारा, उजव्या पट्टीत चर्चेच्या वेळी लागणारे तक्ते व आकृत्या आणि सविस्तर निबंधासाठी क्यूआर कोड अशी व्यवस्था असते.

संशोधकाला एका वाक्यात बोलण्यास भाग पाडणे, हा या आराखड्याचा मोठा गुण होय. अनेकदा ते वाक्य लिहायला बसल्यावरच अभ्यासात निष्कर्ष नसल्याचे ध्यानात येते. परंतु त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मध्यभागातील ठळक वाक्य घोषवाक्यासारखे वाचले जाते. ‘काही प्रमाणात’, ‘या नमुन्यापुरते’ अशी आवश्यक बंधने गळून पडण्याचा धोका राहतो. शिवाय पुरावा कडेला जातो. मोजमापावर आधारलेल्या विषयात हे एक वेळ चालू शकेल. साहित्याच्या अभ्यासात मात्र संहिता हाच पुरावा असतो. तो कडेला सारल्यास उरते ते केवळ मत.

देवनागरीचे वेगळे प्रश्न

पोस्टरविषयक मार्गदर्शन बहुधा रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असते. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेद नाही, म्हणून भर द्यायचा तो जाडी व आकार यांतूनच द्यावा लागतो. शब्दांखाली रेघ मारल्यास उकार व ऋकार झाकले जातात. अक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेखा तुटते. मात्रा वर आणि उकार खाली असल्यामुळे दोन ओळींत अधिक मोकळी जागा लागते, आणि लहान आकारात जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. तसेच युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर छपाईच्या दुकानातील संगणकावर तो फाँट नसल्यास अगम्य चिन्हांत बदलतो. फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ देणे आणि छापण्यापूर्वी ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानलेली ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे अनेक फाँटांत मिळत नाहीत, ही बाबही भाषेच्या पोस्टरमध्ये दुर्लक्षणीय नाही.

विधान, नमुना आणि शंका

वरील दोन्ही टोके टाळणारा मार्ग एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ‘बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतील कृषिजीवन : एक अभ्यास’ हे शीर्षक विषय सांगते, विधान करत नाही. ‘बहिणाबाईंच्या कवितेत शेतीघरातील वस्तू ही पार्श्वभूमी नसून विचार करण्याची साधने आहेत’ हे विधान आहे, कारण ते नाकारता येते. या विधानालगत, पोस्टरच्या मध्यभागीच, घरोट व मोट यांविषयीच्या कवितांतील निवडक ओळी मोठ्या अक्षरांत द्याव्यात आणि कोणत्या शब्दापाशी वस्तूचे वर्णन संपून विचार सुरू होतो, ते खूण करून दाखवावे. तिसऱ्या भागात या विधानात न बसणारी एखादी कविता, म्हणजे जेथे वस्तू केवळ वर्णनासाठी येते ती, प्रामाणिकपणे नोंदवावी.

हा तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. आपल्या विधानाची सीमा दाखवणारे पोस्टर घोषवाक्य होत नाही आणि पाहणाऱ्याला बोलण्यासाठी जागा देते. उरलेला तपशील टिपणाच्या स्वरूपात हाती देता येतो.

निष्कर्ष

पोस्टरच्या मूल्यमापनात मांडणीला स्थान असावे, परंतु त्याआधी तीन प्रश्न विचारले जावेत. विधान कोणते? त्याचा नमुना समोर आहे काय? आणि ते कोठे लागू पडत नाही? या प्रश्नांची उत्तरे देणारे साध्या काळ्या अक्षरांतील पोस्टर हे त्यांना बगल देणाऱ्या रंगीत पोस्टरपेक्षा श्रेष्ठ ठरते. परीक्षक म्हणून प्राध्यापकांनी हे प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तर विद्यार्थी पुढील वर्षीचे पोस्टर संगणकावर मांडण्यापूर्वी ते स्वतःला विचारतील. सहभागाच्या प्रमाणपत्रापलीकडे या उपक्रमातून काही साधायचे असेल, तर ते येथूनच साधले जाईल.