धुक्यात कोंडलेली माणसे

भयकथा म्हटली की आपल्या घरांतून सहसा नापसंतीचाच सूर उमटतो. तरीही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘द मिस्ट’ या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. तिचा खरा विषय राक्षसी जीव नसून श्रद्धा आणि भय यांतील अंतर हा आहे.

मेन राज्यातील एका गावात वादळानंतर दाट धुके पसरते आणि सामान घ्यायला आलेली माणसे सुपरमार्केटमध्ये अडकून पडतात. धुक्यात अक्राळविक्राळ जीव वावरत असतात. ते कोठून आले, हे लेखक निश्चित सांगत नाही. जवळच्या लष्करी प्रकल्पाविषयी केवळ कुजबुज ऐकू येते. हा संयम कथेचे मोठे बळ आहे. नॉर्टन हा वकील पुरावा पाहण्यासच नकार देतो आणि सोबत्यांसह धुक्यात नाहीसा होतो. उलट मिसेस कार्मोडी या संकटाला देवाचा कोप ठरवून नरबळी मागते. आरंभी तिला हसणारेच पाहता पाहता तिच्याभोवती गोळा होतात.

ही धर्माची निंदा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. इसहाकावर उगारलेला अब्राहामाचा हात देवाने रोखला. कार्मोडीला मात्र कथानायकाचा कोवळा मुलगा बिली बळी म्हणून हवा आहे. तिच्या मुखी शब्द बायबलचे आहेत, पण तिचा देव भयाचा आहे. मात्र एवढ्या माणसांत प्रार्थनेच्या बळावर इतरांना धीर देणारे एकही ठळक पात्र नसावे, ही लेखकाची उणीवच होय.

ऑली हा दुकानातील कर्मचारी कार्मोडीला गोळी घालतो, तेव्हा वाचकाला हायसे वाटते. हे हायसे वाटणे प्रत्येकाने तपासून पाहावे. सुटकेसाठी कोणाचा तरी बळी जावा, ही इच्छा मग केवळ कार्मोडीचीच उरत नाही.

फ्रँक डॅराबाँट यांच्या २००७ सालच्या चित्रपटात बाप स्वतःच मुलाला गोळी घालतो आणि लगोलग धुके विरते. मूळ कथेतही उरलेल्या गोळ्यांचा विचार बापाच्या मनात डोकावतो. पण सुटकेची खात्री नसतानाही तो मुलाला घेऊन वाट चालत राहतो. चित्रपटाचा शेवट अधिक धक्कादायक आहे. आमच्या मते कथेचा शेवट अधिक सत्य आहे. धुके विरल्यावर आशेची गरज उरत नाही. ती धुक्यातच लागते.