काळा खडक, काळी माती : एका वाक्याची तपासणी

‘बेसॉल्ट या काळ्या खडकाची झीज होऊन काळी माती तयार होते.’ भूगोलाच्या तासाला हे वाक्य आपण सर्वांनीच सांगितले आहे, फळ्यावर लिहिले आहे आणि उत्तरपत्रिकेत आले की गुणही दिले आहेत. वाक्य सुटसुटीत आहे, पाठ होते. पण त्यातील ‘झीज’ हा शब्द आणि खडकाला व मातीला सारखाच लावलेला काळा रंग, दोन्ही विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेने नेतात.

तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे उदाहरण घेऊ. हे नाव २०२३ सालच्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे महाराष्ट्रभर पोहोचले. जालना जिल्ह्याचा हा भाग दख्खनच्या लाव्हा-पठारावर, गोदावरीच्या खोऱ्यात येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक खाली आणि काळी जमीन वर. अशा गावच्या शिक्षकाने शेतातील एक ढेकूळ आणि बेसॉल्टचा एक ताजा, न कुजलेला तुकडा वर्गात न्यावा. तुकडा जाड फडक्यात गुंडाळून दगडावर दगडाने कुटावा. (लोखंडी खलबत्ता नको, पुढे चुंबक फिरवायचा आहे, तेव्हा खलबत्त्याच्या किसाची शंका राहील.) पीठ जितके बारीक होईल तितके करावे.

झीज म्हणजे केवळ बारीक होणे असेल, तर ही काळी माती झाली पाहिजे. होत नाही. पीठ राखाडी दिसते. पाण्यात कालवून त्याची वळी करू गेल्यास ती मोडते. वाळल्यावर त्याला शेतातल्यासारख्या भेगा पडत नाहीत, ते नुसते भुगा होते. ढेकळाची माती मात्र भिजली की फुगते, बोटाला चिकटते, तिची दोऱ्यासारखी वळी होते आणि वाळताना ती फाटते. पिठावर चुंबक फिरवला तर काही कण चिकटतात, ते मॅग्नेटाइटचे.

याचे कारण खनिजांत आहे. बेसॉल्टमध्ये मुख्यतः प्लॅजिओक्लेज जातीचे फेल्डस्पार आणि ऑजाइट ही खनिजे असतात. जोडीला लोह व टायटॅनियमची ऑक्साइडे, थोडी काच, कधी ऑलिव्हिन. काळ्या मातीला तिचा स्वभाव देणारे स्मेक्टाइट हे खनिज मूळ लाव्हात नव्हतेच. ते नंतर घडले. कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी सौम्य आम्ल असते. ते फटींतून आत शिरते आणि फेल्डस्पार व ऑजाइटमधील कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम सोडवू लागते. उरलेले सिलिका व ॲल्युमिनियम पाण्यासह नव्या रचनेत बसतात. ही रचना पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, गेले की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि काळ्या जमिनीवरच्या घरांच्या तडकणाऱ्या भिंती यांचे मूळ येथे आहे. दळलेल्या दगडाने भिंती तडकल्या नसत्या.

सुटलेल्या कॅल्शियमचा माग मुलांना सहज काढता येतो. काळ्या मातीत सापडणाऱ्या पांढऱ्या चुनखड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफस होते. ताज्या बेसॉल्टवर टाकला तर होत नाही.

आता रंगाकडे वळू. काळ्या खडकामुळे माती काळी, हे तर महाबळेश्वरला जाणारी सहलच खोटे पाडते. तेथेही खाली बेसॉल्टच आहे, पण वर तांबडा जांभा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सिलिकाही धुऊन नेतो. मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे राहतात. जालन्याकडे पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. धुलाई अपुरी, म्हणून स्मेक्टाइट टिकते आणि त्याच्या कणांशी घट्ट जोडलेला थोडासा सेंद्रिय अंश मातीला काळी करतो. उलट तामिळनाडूत बेसॉल्ट नसलेल्या, नाइस खडकाच्या भागातही काळी माती आहे.

पाण्याची गाठ कोठे व कशी पडली यावर खडकाचे पुढचे रूप ठरते. मुंबई बेटावर लाव्हाचा काही भाग पाण्यातच उतरला आणि उशांसारख्या गोळ्यांच्या रूपात थिजला. तेथे फेल्डस्पारमधील कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली. मुंबई परिसरातील या खडकांवर सुखेश्वाला व पोल्डरवार्ट यांचा अभ्यास १९५८ सालीच प्रसिद्ध झाला आहे.

‘झीज’ या शब्दाची बाजू घेणारे म्हणतील, लहान वर्गांना एवढेच पुरे. पण रासायनिक विदारण आपण शिकवतोच. फक्त ते चुनखडकाच्या धड्यात. चुनखडकाच्या गुहा वर्गातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेल्या नसतात, आणि दप्तराला लागलेल्या चिखलाशी तो धडा कोणी जोडत नाही.

शाळेतील खडकांच्या पेटीबद्दलही तक्रार आहे. तीत बेसॉल्ट म्हणून एकच काळाभोर, घट्ट तुकडा असतो. विहीर खणणाऱ्याची भाषा यापेक्षा श्रीमंत आहे : मुरूम, मांजऱ्या, पाषाण. मांजऱ्यातील पोकळ्यांत पांढरी झिओलाइटे आणि गारगोट्या असतात. लाव्हा थिजल्यानंतर त्यातून फिरलेल्या पाण्याने ती भरली. विहिरीच्या काठावरील ढिगाऱ्यात असा तुकडा सापडला तर तो पेटीत ठेवावा. चिठ्ठीवर मात्र ‘अग्निजन्य’ एवढेच लिहून भागणार नाही.